अल्बमचं पॅकेजिंग कसं वाचावं: ‘सार्जंट पेपर’ हातात घेऊन

अल्बमच्या पॅकेजिंगवर लिहायला बसलं की बहुतेक जण थेट अर्थाकडे धावतात. लाल म्हणजे क्रोध, आरसा म्हणजे आत्मशोध, पाठमोरा माणूस म्हणजे एकटेपणा. दोन पानं भरतात, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कव्हर काही उभं राहत नाही. शिवाय अशा लेखात पुढची बाजू तेवढी येते. मागची बाजू, आतली घडी, तबकडीचं आतलं पाकीट, श्रेयनामावली यांचा पत्ताच नसतो. पॅकेजिंग दुकानात उचलायचं, पलटायचं, उघडायचं, आतलं बाहेर काढायचं आणि परत जागच्या जागी घालून ठेवायचं असतं. त्याचं विश्लेषणही त्याच क्रमानं, हातानं करावं लागतं.

उदाहरणाला बीटल्स या ब्रिटिश बँडचा ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ घेतो. 1967च्या मे अखेरीस ब्रिटनमध्ये आलेला हा अल्बम. घासून गुळगुळीत झालेलं उदाहरण, हे मान्य. पण सुरुवात करणाऱ्याला याच्याइतकं सोयीचं दुसरं नाही. पाकिटात बघण्यासारखं खूप आहे, ते कसं तयार झालं याच्या नोंदी भरपूर आहेत, आणि त्यातल्या एका निर्णयात आपला देश थेट येतो.

वही आणि तीन रंगांची पेनं

वहीत तीन रंगांनी लिहा. निळ्यानं जे डोळ्यांना दिसतं ते. हिरव्यानं ज्याची नोंद आहे ते: कुणी काढलं, कधी, किती पैशांत. लालनं तुमचा तर्क. कुठलंही वाक्य रंगाशिवाय लिहायचं नाही. हा प्रकार बालिश वाटेल, पण तासाभरात वहीचं पान लाल झालेलं दिसलं की आपण काय करतोय ते आपल्यालाच कळतं.

‘सार्जंट पेपर’च्या बाबतीत ही शिस्त किती लागते ते एका गोष्टीवरून बघा. मागच्या बाजूच्या छोट्या फोटोत बीटल्समधला पॉल मॅकार्टनी पाठमोरा उभा आहे. हे निळं. 1969च्या शरद ऋतूत अमेरिकेत अशी वावडी उठली की पॉल मेला आहे आणि त्याच्या जागी कुणी तोतया उभा केलाय. त्या वावडीत हा पाठमोरा फोटो पुरावा म्हणून फिरला. अशी वावडी उठली होती, हे हिरवं. फोटोचा अर्थ मृत्यू, हे मात्र लाल, आणि तेही न टिकणारं. वावडी हा कव्हरच्या नंतरच्या आयुष्याचा भाग आहे, कव्हरच्या रचनेचा नव्हे. तुमच्या लेखात तिला जागा द्यायची तर शेवटी, वेगळ्या परिच्छेदात द्या.

आधी प्रत ठरवा

समोर कुठली प्रत आहे ते पहिल्या ओळीत लिहून ठेवा. बारा इंची एलपीचं कव्हर साधारण 31 सेंटीमीटर चौरस असतं, सीडीची पुस्तिका 12 सेंटीमीटरची आणि मोबाइलवरचं चित्र नखाएवढं. तिन्हींवर ‘एकच’ चित्र असलं तरी तिन्ही वाचनं वेगळी होतात. मोबाइलवर ‘सार्जंट पेपर’मध्ये चार भडक गणवेश, मधला ढोल आणि खालची लाल अक्षरं उरतात, मागच्या रांगांतली गर्दी नुसती खडबडीत पट्टी होते. एलपीवर तीच गर्दी तुम्हाला अर्धा तास धरून ठेवते, कारण प्रत्येक चेहरा ओळखता येण्याइतका मोठा आहे. इथं आकार हाच अर्ध्याहून अधिक मजकूर आहे.

मूळ ब्रिटिश आवृत्तीत मोनोचा क्रमांक पीएमसी 7027 आणि स्टिरिओचा पीसीएस 7027. असा क्रमांक कव्हरवर आणि तबकडीच्या लेबलवर जुळतो का ते पाहा. मुंबईच्या चोरबाजारात किंवा जुन्या रेकॉर्ड विकणाऱ्या कुठल्याही दुकानात एका प्रतीचं कव्हर आणि दुसऱ्या प्रतीची तबकडी अशी जोडी सहज हाती येऊ शकते. ऐकायला काही बिघडत नाही, पण विश्लेषणाचा पाया चुकतो. मूळ प्रत परवडणारी नसेल तर डिस्कॉग्ससारख्या रेकॉर्डच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर वेगवेगळ्या आवृत्त्यांचे, आतल्या कागदांसकट फोटो मिळतात. त्यावर काम भागतं. फक्त कागदाच्या पोताबद्दल आणि जाडीबद्दल मग गप्प बसायचं, कारण तुम्ही ते हाताळलेलं नाही.

हाताचा क्रम

आता बंद कव्हरपासून सुरुवात करून, हात जसा जातो तसं लिहीत जा. अर्थ नको, नुसता क्रम. ‘सार्जंट पेपर’च्या पहिल्या ब्रिटिश आवृत्तीचा क्रम साधारण असा निघतो.

पुढच्या बाजूला गर्दीचा समूहफोटो. पलटलं की लाल पार्श्वभूमीवर काळ्या अक्षरांत सगळ्या गाण्यांचे शब्द, आणि त्यावरच खालच्या बाजूला चौघांचा छोटा फोटो. कव्हर पुस्तकासारखं उघडतं. याला गेटफोल्ड म्हणतात. आतल्या दोन्ही पानांवर पसरलेला चौघांचा मोठा फोटो, पिवळ्याधमक पार्श्वभूमीवर, नजर थेट आपल्याकडे. मग एक जाड कागद निघतो, कापून वापरायच्या वस्तूंचा: मिशा, सार्जंटची फीत, दोन बिल्ले, एक चित्रकार्ड आणि टेबलावर उभं करायचं बँडचं चित्र. शेवटी तबकडीचं आतलं पाकीट. एरवी ते पांढरं असायचं. इथं त्यावर लाल-गुलाबी लाटा आहेत, ‘द फूल’ या डच कलाकारांच्या गटानं केलेल्या.

हा क्रम लिहून झाला की प्रत्येक टप्प्यापुढं एकच प्रश्न टाका: इथं माणसं किती आहेत आणि ती माझ्यापासून किती लांब आहेत? पुढच्या बाजूला साठाच्या आसपास चेहऱ्यांचा जमाव, बहुतेक आपल्याकडे तोंड करून. मागं चौघंच, लहान, आणि त्यातला एक पाठ फिरवलेला. आत चौघंच, पण जवळ, मोठे. कापायच्या कागदावर मिशा थेट तुमच्या ओठांवर येणार. जमावापासून चौघांपर्यंत, चौघांपासून तुमच्यापर्यंत असा हा प्रवास आहे. माझ्या मते या पॅकेजिंगचा कणा हाच. आणि नुसती पुढची बाजू पाहणाऱ्याला तो कधीच सापडणार नाही.

नावं न घेता वर्णन

पुढच्या बाजूवर या. इथं मोह असा होतो की लगेच ‘ती मर्लिन मन्रो, तो मार्क्स’ सुरू करावं. थांबा. आधी नावं न घेता लिहा. त्यासाठी काही साधी हत्यारं आहेत.

कव्हरची काळी-पांढरी झेरॉक्स काढा. रंग गेले की उजेड-अंधाराची रचना उघडी पडते: वरचा निळा भाग फिका होतो, मधला जमाव करडा आणि खालची माती काळी. मग झेरॉक्सवर ट्रेसिंग पेपर ठेवून फक्त मोठे आकार गिरवा, चेहरे नाहीत. ढोलाचं वर्तुळ जवळजवळ मध्यावर खाली येतं. त्याच्या मागं चार उभे गणवेश. डावीकडे काळ्या सुटांतली चार माणसं, म्हणजे मादाम तुसाँच्या संग्रहालयातून आणलेले बीटल्सचेच मेणाचे पुतळे. त्यामागं रांगांवर रांगा. तळाशी फुलांचा वाफा.

आता रंगीत कव्हर घेऊन डोळे बारीक करा. चार गणवेशांचे रंग उसळून वर येतात: पिवळा, गुलाबी, निळा, नारिंगी-लाल. बाकी जमाव मुद्दाम फिकट आहे. कव्हरची रचना करणाऱ्या जोडीतल्या जॅन हॉवर्थनं मोठ्या केलेल्या काळ्या-पांढऱ्या फोटोंना हातानं रंग दिले होते. म्हणून ती माणसं जुन्या पोस्टकार्डांसारखी दिसतात आणि समोरचे चौघं ताजे. हा फरक छपाईत झालेला नाही, तो आधीच हातानं रंगवला गेलाय.

वर्णन करताना माणसांचे आकार मोजा. आपल्याकडे चौकात लागणारा वाढदिवसाचा फ्लेक्स आठवा: मध्ये उत्सवमूर्ती, वर नेते, खाली शुभेच्छुक, आणि कुणाचा चेहरा किती मोठा यावर आख्खं राजकारण. ‘सार्जंट पेपर’मध्ये नेमकं हे टाळलंय. कटआउट साधारण माणसाच्या मापाचे केले होते, त्यामुळे मागच्या रांगांत कुणीच फार मोठं किंवा लहान नाही. वरच्या रांगेच्या डाव्या टोकाला श्री युक्तेश्वर गिरी, उजव्या टोकाला बॉब डिलन, आणि मधे विनोदवीर, लेखक, नट एकाच उंचीवर. दुसऱ्या रांगेत ऑलिव्हर हार्डीच्या शेजारी कार्ल मार्क्स. मान कुणाचा मोठा, हे चित्र सांगत नाही. सांगतं ते इतकंच की हे सगळे एका फोटोला उभे राहिले.

आणि एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. चौघांच्या हातात गिटार नाही. भोंगे आहेत, बासऱ्यांच्या जातीची वाद्यं आहेत, बँडवाल्यांची वाद्यं. जगातला सगळ्यात नावाजलेला गिटारवाला चमू कव्हरवर गिटारशिवाय उभा आहे. गिटार आहे ती खाली वाफ्यात, पिवळ्या फुलांची. हे निळ्या पेननं लिहा. त्याचं काय करायचं ते नंतर बघू.

अक्षरं कुठं आहेत

कव्हरवरची अक्षरं वेगळ्या पानावर घ्या: कोणती, कुठं, कशानं बनलेली. फॉन्टचं नाव शोधत बसण्याआधी एवढं ठरवा की अक्षरं चित्रावर छापली आहेत की चित्राच्या आत आहेत.

इथं अल्बमचं नाव ढोलाच्या कातड्यावर रंगवलेलं आहे. ते काम जो एफग्रेव्हचं, वळण जत्रेतल्या पाट्यांचं. ‘बीटल्स’ हे नाव लाल फुलांत लावलेलं आहे. ही कल्पना हॉवर्थची. सार्वजनिक बागांत फुलांचं घड्याळ असतं त्यावरून तिला सुचलेली. म्हणजे नाव वाचण्यासाठी डोळ्यांना चित्राबाहेर यावं लागत नाही. कॅमेऱ्यासमोर जे होतं त्यातच नाव होतं. त्या काळच्या पॉप कव्हरवर साधारण प्रथा उलटी: वर कलाकाराचं नाव ठसठशीत, खाली फोटो, कोपऱ्यात कंपनीचं चिन्ह.

मागची बाजू अक्षरांच्या दृष्टीनं त्याहून धाडसी आहे. सगळ्या गाण्यांचे पूर्ण शब्द कव्हरवर छापणारा हा ब्रिटनमधला पहिला पॉप अल्बम मानला जातो. छपाईच्या नजरेनं बघाल तर लाल रंगावर काळी बारीक अक्षरं वाचायला फारशी सुखाची नाहीत, आणि खाली फोटोवरूनही मजकूर धावतो. माझं मत विचाराल तर ही या पॅकेजिंगची सगळ्यात कमकुवत बाजू. पण हेतू कळतो: गाणं ऐकताना वाचायचं, म्हणजे कव्हर मांडीवरच राहिलं पाहिजे. पॅकेजिंगचं मूल्यमापन करताना हेतू आणि हातोटी असे दोन स्वतंत्र रकाने ठेवा. एकात पूर्ण गुण आणि दुसऱ्यात काठावर पास, असं होऊ शकतं.

माणसांची यादी

आता नावं घ्या. कव्हरवर ओळखीची माणसं, चित्रं किंवा वस्तू असतील तर तक्ता करा: कोण, कुठल्या क्षेत्रातलं, कव्हरवर कुठं, आणि कुणी निवडलं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच लोक सोडून देतात.

‘सार्जंट पेपर’च्या जमावाची निवड एका माणसानं केलेली नाही. बीटल्सपैकी प्रत्येकाकडून नावं मागवली होती, रिंगोनं बाकीचे म्हणतील ते मान्य असं सांगितलं, आणि उरलेली माणसं हॉवर्थचा जोडीदार चित्रकार पीटर ब्लेक, हॉवर्थ आणि गॅलरीवाला रॉबर्ट फ्रेझर यांनी भरली. म्हणून ‘बीटल्सचे आदर्श’ असं सरसकट लिहिणं चूक. जॉर्ज हॅरिसननं मात्र जवळजवळ फक्त योगी सुचवले: महावतार बाबाजी, लाहिरी महाशय, श्री युक्तेश्वर आणि परमहंस योगानंद. गुरू-शिष्यांची एक आख्खी परंपरा लंडनच्या पॉप अल्बमवर आली आहे, आणि ती एका गठ्ठ्यात नाही, जमावात विखुरलेली आहे. तळाशी फुलांच्या बाजूला लक्ष्मीची छोटी मूर्तीही दिसते. ‘बीटल्सवर भारताचा प्रभाव’ असं मोघम वाक्य टाकण्यापेक्षा कोण कुठं उभं आहे हे सांगितलंत तर वाचक तुमच्यावर विश्वास ठेवेल.

यादी करताना गुंता होईल इतकं खोल शिरू नका. प्रत्येक नावाचं चरित्र शोधत गेलात तर महिना जाईल आणि हाती विकिपीडियाची वही येईल. गट पाडा: सिनेमा, साहित्य, चित्रकला, विनोद, अध्यात्म, खेळ. कुठला गट जड आहे, कुठला हलका, तेवढं पुरे.

जे नाही ते

हा टप्पा वाढीव वाटतो, पण खरं तर इथंच पॅकेजिंगमागची सत्ता दिसते.

महात्मा गांधींचा कटआउट तयार झाला होता, फोटोच्या वेळी तो हजरही होता. छापील कव्हरवर ते नाहीत. त्या जागी झाडाची पानं रंगवून घेतली आहेत. मॅकार्टनीनं नंतर सांगितलेल्या हकिकतीनुसार ईएमआय या रेकॉर्ड कंपनीचे अध्यक्ष सर जोसेफ लॉकवुड यांना भारतातला रोष नको होता. गांधी असतील तर तिथं रेकॉर्ड छापू देणार नाहीत असं त्यांचं म्हणणं. ईएमआयची भारतातली कंपनी आणि कोलकात्याजवळ दमदमचा तबकड्यांचा कारखाना लक्षात घेतला तर ही भीती नुसती सभ्यतेची नव्हती, त्यात धंदाही होता. (मागचं वाक्य लाल पेनचं, तर्क माझा.)

दुसरी रिकामी जागा नट लिओ गॉर्सीची. त्यानं 400 डॉलर मागितले आणि त्याला पुसलं. त्याचा जोडीदार हंट्झ हॉल वरच्या रांगेत अजून उभा आहे, शेजारी थोडं निळं आकाश मोकळं पडलंय. हयात व्यक्तींची परवानगी घ्यायची म्हणून बीटल्सचा व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन याच्या कार्यालयातून वेंडी हॅन्सननं पत्रं पाठवली होती. मे वेस्टनं आधी नकार दिला, मग बीटल्सनी स्वतः पत्र लिहिल्यावर ती राजी झाली. म्हणजे कव्हरवरचा जमाव हा आवडीनिवडीइतकाच टपालाचा आणि वकिलांचा परिणाम आहे.

तिसरी गैरहजेरी मोजून बघण्याची आहे. खऱ्याखुऱ्या बायका किती? मे वेस्ट, मर्लिन मन्रो, मार्लिन डीट्रिच, डायना डॉर्स, लहान मुलगी शर्ली टेंपल. बाकी बाहुल्या, पुतळे आणि कॅलेंडरवरच्या चित्रांतल्या पोरी. लेखिका नाही, शास्त्रज्ञ नाही, गायिका म्हणून घेतलेली कुणी नाही. हॉवर्थ स्वतः याबद्दल पुढं उघड बोलली, आणि सॉल्ट लेक सिटीत तिनं याच मांडणीवर नवी माणसं घेऊन भित्तिचित्र केलं. एखाद्या अल्बमच्या डिझायनरनं आपल्याच कामावर अशी दुरुस्ती केली असेल तर ती शोधा. तिच्याइतकी नेमकी टीका तुम्हाला सुचणार नाही.

कुणी, कशानं, किती पैशांत

श्रेयनामावली वाचताना कोणाचं नाव मोठं झालं आणि कोणाचं मागं पडलं ते बघा. ‘पीटर ब्लेकचं कव्हर’ हे वाक्य सगळीकडे दिसतं. प्रत्यक्षात रचना ब्लेक आणि हॉवर्थ या दांपत्याची, फोटो मायकल कूपरचा, 30 मार्च 1967ला चेल्सी मॅनोर स्टुडिओत घेतलेला, ढोल एफग्रेव्हचा आणि मध्यस्थी फ्रेझरची. त्याआधी मूळ कल्पनेची शाईची चित्रं मॅकार्टनीनं काढली होती: उत्तर इंग्लंडमधला बँड, शहराचा महापौर, फुलांचं घड्याळ. 1968 साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला तो ब्लेक आणि हॉवर्थ दोघांना. तुमच्या लेखात निदान ही दोन नावं जोडीनं यायला हवीत.

पैशाचा आकडा मिळत असेल तर जरूर घ्या, पण तुलनेसकट. या कव्हरला सुमारे 3000 पौंड लागले. त्या काळी एरवी पन्नासेक पौंडांत भागायचं. ब्लेक आणि हॉवर्थच्या वाट्याला त्यातले 200 पौंड आले, ही गोष्ट त्याच परिच्छेदात लिहायला हरकत नाही.

खर्चानं काय अडवलं तेही बघा. कापायच्या कागदाच्या जागी मुळात खरोखरच्या वस्तूंचं, बिल्ल्यांचं वगैरे, पाकीट घालायचा विचार होता. ते महाग पडलं, म्हणून सगळं एका छापील कागदावर आलं. आतल्या पानांसाठीही आधी ‘द फूल’च्या लोकांनी चित्र केलं होतं. फ्रेझरला ते पसंत पडलं नाही, आणि त्याच्या आग्रहामुळे त्या जागी चौघांचा फोटो आला. गटाचं काम आतल्या पाकिटापुरतं उरलं. शेवटचं रूप हा पहिला विचार होता असं कधीच गृहीत धरू नका. नकार मिळालेल्या गोष्टी सापडल्या तर त्यांच्यासाठी वहीत वेगळं पान करा.

गाण्यांशी जोड

एवढं झाल्यावरच अल्बम लावा. आधीच लावला असता तर कव्हरमध्ये तुम्हाला फक्त गाणीच दिसली असती.

पहिल्या गाण्याआधी वाद्यं जुळवल्याचा आणि प्रेक्षकांचा आवाज येतो. दुसराच कुठला तरी बँड कार्यक्रम करतोय असा बहाणा आहे. तो बहाणा शीर्षकगीताच्या पुनरावृत्तीत शेवटाकडे परत येतो. मधल्या बऱ्याच गाण्यांचा त्या बँडशी फारसा संबंध नाही. आता पुढची बाजू पुन्हा बघा. ब्लेकची कल्पना अशी होती की बागेतला कार्यक्रम नुकताच संपलाय आणि प्रेक्षकांसोबत बँडचा फोटो काढला जातोय. म्हणजे मागं उभा असलेला जमाव प्रेक्षक आहे! गिटार हातात का नाही याचं उत्तरही इथं मिळतं. हे चौघं बीटल्स नाहीत. बीटल्स डावीकडे काळ्या सुटांत, मेणाचे उभे आहेत, आणि त्यांचं नाव फुलांत लिहिलंय. काही जण त्या वाफ्याला थडगं समजतात. महापौराच्या बागेतलं फुलांचं घड्याळ हे त्याचं नोंद असलेलं मूळ आहे. थडगं मनात येणं साहजिक आहे, फक्त पेन लाल हवं.

ध्वनी आणि चित्र तंतोतंत जुळलेच पाहिजेत असा हट्ट नको. इथं कव्हर ‘एक बँड’ ही कल्पना गाण्यांपेक्षा जास्त निष्ठेनं पाळतं. गाणी दोन-तीनदा तिची आठवण काढतात, गणवेश मात्र प्रत्येक पानावर आहेत.

शेजारी काय ठेवायचं

तुलनेला दोन अल्बम पुरेत: एक त्याच कलाकाराचा, एक दुसऱ्याचा. त्याच कलाकाराचा म्हणून 1968चा बीटल्सचा पांढरा अल्बम. चित्रकार रिचर्ड हॅमिल्टननं कव्हर पूर्ण पांढरं ठेवलं, नाव उठावात दाबलं आणि सुरुवातीच्या प्रतींवर क्रमांक टाकले. दीड वर्षापूर्वीच्या गर्दीला दिलेलं उत्तर म्हणून ते वाचता येतं. पण आत पोस्टर आणि चौघांचे वेगवेगळे फोटो आहेत, म्हणजे आत काहीतरी द्यायचं हा धागा सुटलेला नाही.

दुसरा अल्बम विडंबनाचा निवडा, मिळत असेल तर. फ्रँक झॅपाच्या ‘मदर्स ऑफ इन्व्हेन्शन’नं 1968 साली ‘सार्जंट पेपर’ची नक्कल केली, आणि फुलांच्या जागी भाज्या आणि कलिंगड मांडून नाव लिहिलं. कायद्याच्या भीतीनं ती नक्कल आत ढकलली गेली आणि आतला पिवळा फोटो बाहेर आला. विडंबनकार मूळ चित्रातलं काय ठेवतो त्याची यादी करा: जमाव, चार रंगीत माणसं, जमिनीवरची अक्षरं. या तीन गोष्टी राहिल्या की कुणालाही मूळ कव्हर ओळखता येतं.

आजच्या खोक्यांसाठी

हीच पद्धत के-पॉपच्या, म्हणजे कोरियन पॉपच्या, अल्बमला लावता येते, फक्त भर बदलतो. बीटीएसचा 2017चा ‘लव्ह युवरसेल्फ: हर’ एल, ओ, व्ही, ई अशा चार रूपांत निघाला. एकच रूप हातात असेल तर तुमच्याकडे शब्दाचं एक अक्षर आहे. पूर्ण शब्द हवा असेल तर आणखी तीन विकत घ्या. आत फोटोंचं पुस्तक आणि कुठल्या सदस्याचं निघेल ते माहीत नसलेलं फोटोकार्ड. टेलर स्विफ्टच्या 2014च्या ‘1989’ सीडीतही पोलरॉइडसारखे 13 फोटो असायचे, एकूण 65 पैकी. इथं ‘हाताचा क्रम’ एका प्रतीवर थांबत नाही, तो दुकानात, मित्रमैत्रिणींत, अदलाबदलीत पुढं जातो. म्हणून तक्त्यात एक रकाना वाढवा: प्रत्येक प्रतीत सारखं काय आणि नशिबावर सोडलेलं काय. नशीबसुद्धा कुणीतरी डिझाइन केलेलं असतं, आणि त्याचा फायदा कुणाला हे विचारायला लाजू नका.

लिहायला बसल्यावर

वहीतल्या क्रमानं लेख लिहू नका, तो याद्यांचा होईल. एक दावा निवडा आणि बाकीचं त्याच्या मागं लावा. निळ्यातून हिरव्यात, हिरव्यातून लालमध्ये असा परिच्छेद चालवला की वाचक सोबत येतो. नमुना देतो:

‘आतलं पान उघडलं की बाहेरचा जमाव नाहीसा होतो. पिवळ्या पार्श्वभूमीवर चौघंच बसलेले आहेत आणि चौघंही कॅमेऱ्याकडे बघतात. या जागेसाठी आधी एक चित्र तयार झालं होतं. ते बाजूला ठेवून फोटो घेतला गेला. चित्र राहिलं असतं तर आत शिरल्यावर आणखी एक देखावा मिळाला असता. फोटोमुळे बाहेरच्या साठेक नजरांच्या जागी आता आठ डोळे उरतात, आणि ते आपल्याला ओळखत असल्यासारखे बघतात.’

पहिली दोन वाक्यं निळी, तिसरं-चौथं हिरवी, शेवटची दोन लाल. लालला आधार आधीच्या चार वाक्यांनी दिलाय, म्हणून ते खपतं. ‘प्रतीक’, ‘दर्शवतं’, ‘अधोरेखित करतं’ हे शब्द मसुद्यात दिसले तर त्या जागी प्रत्यक्ष दिसणारी गोष्ट घालून बघा. निम्म्या वेळा वाक्य सुधारतं, उरलेल्या वेळा ते गाळावंच लागतं.

चित्राखालच्या ओळीत आवृत्ती, वर्ष, क्रमांक आणि कुठली बाजू ते लिहा: ‘पुढची बाजू, ब्रिटिश मोनो आवृत्ती, 1967, पीएमसी 7027’. फोटो स्वतःच्या प्रतीचा काढणार असाल तर दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी आणि कव्हर सपाट ठेवून काढा; चकचकीत लॅमिनेशनवर फ्लॅशचा पांढरा डाग पडतो आणि तो नेमका कुणाच्या तरी चेहऱ्यावर बसतो.